मधलं नाव

मंगळवार, दिवेलागणीनंतर

…अंगणात सडा टाकून झाला होता, चुलीवर पाणी तापत होतं, आणि हे खांद्यावर फावडं घेऊन दारात अडून उभे. "एकदा माझं नाव घे, मंग जातो धानाच्या बांधीत."

"जा न जी, लोक आयकून राहिले."

हसत गेले. अशा कितीतरी सकाळी. आज तीच का आठवावी?

आरोहीमुळे. बालवाडीत नाव विचारतील म्हणून तिच्याकडून रोज पूर्ण नाव म्हणवून घेते. ती म्हणते "आरोही", मग थांबते, मग "लांजेवार".

"मधात बाबाचं नाव काहून नाही घेत, बाई?"

"तूच तं नाही घेत! तूबी अशीच थांबते."

खरंच की. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, हे अंगात मुरलेलं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पोरीने माझं थांबणंही पाठ केलं. हे गेले तेव्हा ती पाळण्यात होती. तिच्याकडे त्यांचं नावच तेवढं आहे, आणि मी तेही…

संध्याकाळपासून ते थांबणं घरात ऐकू येतंय. भांडी घासताना, दिवा लावताना. त्यात कोणी दारात अडून उभं असल्यासारखं वाटतं. एकटीने लिहायला-वाचायला शिकले तेव्हा पहिल्यांदा हेच नाव लिहून पाहिलं होतं. हाताला येतं. तोंडाला का येत नाही?

बुधवार. सकाळी सडा टाकून झाल्यावर आरोहीला दारात उभं केलं आणि मोठ्याने म्हणून दाखवलं, "आरोही सुखदेव लांजेवार."