वखारीचं दार

तलासरी,
९ डिसेंबर २०१८

प्रिय दक्षाताई,

नमस्कार. वापीला तू बरी असशील. माझा फोन तू उचलत नाहीस म्हणून हे पत्र मुकेशदादाबरोबर पाठवते. कंपनीत जाता जाता तुझ्या हॉस्पिटलच्या गेटवर देईन म्हणाला.

इकडे भात झोडून झालं, नागलीही घरात आली. जमनाकाकीचा गुडघा तसाच आहे, पण काम सोडत नाही. तुझी आई आहे, तुला काय सांगायचं! आणि जमिनीचं तू ऐकलंच असशील. दिवाळीपासून हलते आहे. अच्छाडच्या नाक्यावर उभं राहिलं की ट्रकची घरघर पायाला लागते, तसा आधी आवाज येतो. मग मांडणीवरची भांडी वाजतात. पाड्यावर बहुतेकांनी अंगणात ताडपत्री बांधली आहे. चूलसुद्धा बाहेर.

कराटेचा क्लास चालू आहे. तुला ऐकायचं नसेल, तरी लिहिते. अजून त्याच गवताच्या जुन्या वखारीत भरतो. गंजाडहून, रानशेतहूनसुद्धा मुलं येतात. २०१४ साली सर पहिल्यांदा शिकवायला आले तेव्हाचं आठवतं? मी नववीत, तू अकरावीत. तालुक्याच्या कचेरीत आपल्याला कोणी बस म्हणत नव्हतं, आणि हा माणूस आपण वाकून नमस्कार केला की उलट तेवढाच वाकायचा. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांचं काहीही ऐकलं असतं.

क्लासमधली काळी, सरांनी शिक्षा म्हणून उन्हात उभी केलेली, चक्कर येऊन पडली, त्या दिवशी तू त्यांना तोंडावर म्हणालीस, “सर, हे घडवणं नाही, मोडणं आहे.” तपकिरी पट्टा सोडून त्यांच्या पायाशी ठेवलास आणि निघालीस. दारातून मागे वळून माझ्याकडे बघितलंस. मी बघितलं नाही. ते तुझ्या मनात आहे, मला माहीत आहे.

या वेळी पहिला मोठा धक्का बसला तेव्हा सगळी मुलं बाहेर पळाली. मी जागची हलले नाही. सरांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. “जमीन हलली तरी माणूस हलता कामा नये. चारित्र्य म्हणतात ते हे.” फेब्रुवारीत ब्लॅक बेल्टची परीक्षा आहे, माझं नाव दिलंय. तेव्हापासून क्लासमध्ये माझी जागा दाराजवळ असते.

बहीण तुझी, म्हणून धाकलीला क्लासमधून काढ, असा निरोप तू काकीला पाठवलास म्हणे. काकी काढणारच होती. मीच म्हटलं, राहू दे. दहा वर्षांची पोर, पण लाथ अशी मारते की सर हसतात. काळजी करू नकोस. ती सतत माझ्या नजरेसमोर असते.

तू रागावलेली, तरी तुझीच,
निलम


तलासरी,
१० मार्च २०१९

दक्षाताई,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही, आणि आता ते यायला नको असं वाटतं. धाकलीच्या हाताचं ऑपरेशन झालं तेव्हा तू आलीस, चार दिवस तिच्या उशाशी बसलीस. मला बघून एवढंच म्हणालीस, “तू होतीस म्हणून तिला लवकर दवाखान्यात आणता आलं.” त्या वाक्याने मला अन्न गोड लागत नाही.

दाराजवळ असते, असं मी लिहिलं होतं. तिथे काय करते ते लिहिलं नव्हतं. मुलं पळाली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सरांनी मला आतून कडी लावायला सांगितली होती. क्लास सुरू झाला की कडी, संपला की उघडायची. मधे धक्का आला तर मी दाराला पाठ लावून उभी राहायचे. लहान धक्के येत, कौलं खडखडत, मुलं डोळे मिटून ठाण धरून राहत. मग सर म्हणत, “बघा, काही झालं का?” आणि खरंच काही झालेलं नसायचं.

धाकलीला लागलं त्या शुक्रवारी दुपारी आवाज आला तो वेगळा होता. दार माझ्या पाठीला ढकलत होतं. मधल्या ओळीतून धाकली धावत आली, तिच्यामागे चार-पाच मुलं. ती माझ्या कमरेला धरून ओढत होती. “निलमताई, बाजूला हो ना! उघड ना!” मी सरांकडे बघितलं. त्यांनी नुसती मान हलवली, नाही अशी. आणि मी हलले नाही गं. दोन्ही हात पसरून उभी राहिले. वरून कौलांची रांग सुटली. धाकलीने डोकं वाचवायला हात वर केला.

कडी काढायला मला एक क्षण लागला. एकच.

बाहेर धुरळ्यात सर माझ्याजवळ आले. आवाज जराही चढवला नाही. “दार अडकलं होतं. हो ना?” मी म्हटलं, “हो सर.” जीपमध्ये धाकली माझ्या मांडीवर होती, तिचा हात माझ्या ओढणीत गुंडाळलेला. मी तिच्या कानात म्हटलं, “धाकले, दार अडकलं होतं. कोणीही विचारलं तरी हेच सांगायचं.” वेदनेने ओठ पांढरे पडले होते तिचे. तरी ती म्हणाली, “ओस.” क्लासमध्ये सरांना आपण ‘हो’ म्हणतो, तसं.

आठ दिवसांनी सरांनी मला काळा पट्टा दिला. परीक्षा घेतलीच नाही. “तुझी झाली,” म्हणाले. मी तो घेतला, ताई. बांधलासुद्धा. आणि हेही सांगून टाकते: तो पहिला धक्का बसला तेव्हा मी धीराने उभी नव्हते. माझे पाय गळाले होते. सरांना ते चारित्र्य वाटलं, आणि मी वाटू दिलं.

मागच्या रविवारी सरांनी वखार साफ करून घेतली. पडलेल्या कौलांच्या जागी पत्रे टाकले. मग दाराकडे बघत मला म्हणाले, “कडीपर्यंत मुलांचा हात पोचतो. कुलूप आण.”

मी आणलं नाही. तशीच तुझ्या घरी गेले. चिमणकाका अंगणात टोपली विणत होते. मी सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले. त्यांनी एवढंच विचारलं, “कडी आतून होती? तूच लावलेली?” मी हो म्हटलं. त्यांनी टोपली बाजूला ठेवली. मग म्हणाले, “सगळ्यांसमोर सांगशील?”

बुधवारी संध्याकाळी पाड्यावर सगळे जमले. मी सांगितलं. सरही आले होते. आले, प्रत्येकाला वाकून नमस्कार केला, म्हाताऱ्या सुकीआत्यालासुद्धा. माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, “निलमच्या मनावर फार ताण आला आहे. पोरीला लागलं म्हणून स्वतःला दोष देते. माझं ऐकू नका, तिचंही ऐकू नका. धाकलीला विचारा.”

काकांनी तिला पुढे घेतलं. “घाबरू नको. खरं काय ते सांग.”

ती पाय जुळवून ताठ उभी राहिली. उजवा हात पट्टीत. “दार अडकलं होतं.”

लोक उठून घरी गेले.

मी तिला नंतर गाठलं. म्हटलं, “धाकले, आता खरं बोलायचं. मीच सांगते आहे ना?” ती माझ्याकडे बघून थोडीशी हसली. “तू परीक्षा घेतेस. कोणीही विचारलं तरी, असं म्हणालीस ना तू? म्हणजे तू विचारलंस तरी.” मी रडले, हात जोडले, तर ती आणखीच ताठ झाली. तिला वाटलं, परीक्षा अवघड होत चालली.

काकांनी तिला क्लासमधून काढलं आहे, पण तिला ती शिक्षा वाटते. बाकीची वीस-बावीस मुलं मंगळवारपासून परत जाणार. आईबाप म्हणतात, सरांनी पोरांना वळण लावलं, ते खोटं कशाला बोलतील? दारावर आता योगिता असेल. ती सतरा वर्षांची आहे आणि सर तिच्याशी बोलले की तिचा चेहरा उजळतो. कुलूप त्यांनी स्वतः आणलं. काल मी ते बघितलं, नवंकोरं, उघड्या दाराच्या आतल्या कडीला लटकत होतं. आज सकाळपासून जमीन तीनदा हलली.

मंगळवारी क्लास सुरू झाला की मी वखारीच्या बाहेर बसणार आहे. बाबांची पहार बरोबर नेणार. त्याहून जास्त मला काही सुचत नाही.

तू ये. तुझ्याकडे माफी मागण्यासाठी बोलवत नाही. धाकलीची मूठ वळत नाही, दोन बोटं उभीच राहतात, ते तू बघितलंस. पण तिच्यात जे मी वळवलंय, ते मला सोडवता येत नाही. तू सरांसमोर पट्टा ठेवलास, हे तिला माहीत आहे. कदाचित तुझं ती ऐकेल. तिला एवढंच सांग, की परीक्षा नव्हतीच.

दारावर होती ती,
निलम