लाथ न मारणारी रायफल

ओरुनेले,
ता. २० सप्टेंबर १९७१

चि. बाखिस यास,
बोनारियाचे अनेक आशीर्वाद. खुशाली विचारशील तर घरात सगळे जिवंत आहेत. बाबा जरा जास्तच.

परवा त्यांना कालियारीच्या इस्पितळातून घरी आणलं. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सगळं समजावून सांगितलं. उजव्या डोळ्याचा सुटलेला पडदा त्यांनी परत चिकटवलाय, पण ओल्या भिंतीवर कागद चिकटवावा तसंच ते काम आहे म्हणे. एखादा हिसका बसला की पुन्हा सुटेल, आणि सुटला तर दुसऱ्यांदा कोणी हात लावणार नाही. म्हणजे कुऱ्हाड नको, घोडा नको आणि बंदूक तर मुळीच नको. डाव्या डोळ्यात लहानपणी काटा गेला तेव्हापासून तिथे अंधारच आहे, हे तुला ठाऊक आहे. आता जे काही आहे ते या एका डोळ्यावर.

घरी आल्या आल्या मी त्यांची जुनी जोडनळी बंदूक मालेनामावशीच्या पिठाच्या पेटीत दडवली. त्यांना दिसत कमी असलं तरी बंदुकीच्या तेलाचा वास येतो. अख्खं घर हुंगून झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की ती बंदूक खेचरासारखी लाथ मारते, तेव्हा तिला आता आपण शिवणारसुद्धा नाही. मी खुळी, देवाला मेणबत्ती लावून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी हुकूम सुटला: बाखिस तिकडे ब्रेशाला बंदूकवाल्यांत बसलाय, त्याला लिही, रानडुकराला पुरी पडेल आणि खांद्याला लाथ मारणार नाही अशी रायफल निवडून कळव.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी रानडुकरांचा हाका आहे. तीस वर्षं शिकारी टोळीचं म्होरकेपण केलेला माणूस त्या दिवशी घरात बसणार नाही, हे मला कळतं. म्हणून तू एवढंच कर. अशी रायफल अजून जगात झालेलीच नाही, असं स्वच्छ लिही. पत्रं मीच त्यांना वाचून दाखवते. तुझे भावोजी मेंढ्या घेऊन खाली मैदानात गेलेत, तेव्हा या म्हाताऱ्याशी मी एकटीच झुंजतेय.

हिवाळी बनियन घालत जा. माया आहेच, ती या कामी थोडी खर्च कर.
तुझी ताई,
बोनारिया


ब्रेशा,
ता. ३० सप्टेंबर १९७१

ती. ताईस,
बाखिसचा सा. न. वि. वि.

खोटं लिहायला तीनदा बसलो. ताई, आजवर बाबांनी मला एकही गोष्ट कधी विचारली नाही. मेंढ्या कळत नाहीत, द्राक्षं कळत नाहीत, कुत्र्यांना माझी हाक कळत नाही, हे मात्र ऐकवलं. आज पहिल्यांदा त्यांना काहीतरी माझ्याकडून हवंय आणि तू म्हणतेस, नाही म्हणून कळव.

मी आमच्या कारखान्यातल्या बुजुर्ग मंडळींशी बोललो. हलकी रायफल रानात वाहायला सोपी, पण हलकी तितकी लाथ जोराची. जड घ्यावी तर चढणीवर बाबांचा दम निघेल. बारीक गोळीची लाथ काहीच नाही, पण बारीक गोळीने डुक्कर नुसतं जखमी होतं आणि जखमी डुक्कर कुत्र्यांची आतडी बाहेर काढतं. तसलं पाप बाबा करणार नाहीत. दर गोळीला हाताने खीळ ओढून भरायची जी जात आहे, तिचा सगळा धक्का खांद्यात येतो. उरली आपोआप भरणारी. तिच्यात गोळीचाच वायू पुढची गोळी चढवतो, त्यामुळे बराचसा हिसका वाटेतच जिरतो. दस्त्याला मागे जाड रबर लावलं की बाबांना एखाद्याने नुसतं ढोसल्यासारखं वाटेल. दुर्बीण अजिबात नको, ती भुवईवर आपटते. आपल्या झाडीत डुक्कर पायाशी येईपर्यंत दिसत नाही, तिथे दुर्बिणीतून काय बघायचं?

दस्ते बसवण्याचं काम माझंच आहे. बाबांचा गाल केवढा, हात केवढा, मान कुठे वाकते हे मला इथे बसून दिसतं. ते जाणारच असतील तर कुणाची तरी उसनी खेचरी घेऊन जाण्यापेक्षा माझी घेऊन जावीत, असं मला वाटतं. हा भाग त्यांना वाचून दाखवू नकोस. वाटलं तर पत्र आलंच नाही म्हण.

रागावलीस तरी लिहायचं थांबू नकोस.
तुझा,
बाखिस


ओरुनेले,
ता. ११ ऑक्टोबर १९७१

चि. बाखिस यास,
आशीर्वाद द्यायची रीत आहे म्हणून देते.

तुझं पत्र मी वाचून दाखवलं. कारखान्यात बरं चाललंय, हवा गार आहे, बनियन घालतो, असं माझ्या मनचं. बाबा म्हणाले की एवढ्या दोन ओळींना तीन कागद लागले म्हणजे बाखिसचं अक्षर फार सुधारलेलं दिसतंय. माझ्या हातातून पत्र घेतलं आणि काठी टेकत पोस्टात गेले. पोस्टातल्या ग्राझिएताबाईंनी ते भर खिडकीत मोठ्याने वाचलं. वायूचं प्रकरण दोनदा वाचून घेतलं म्हणे. आता साऱ्या गावाला माहीत आहे की बोरेचा मुलगा बापासाठी लाथ न मारणारी रायफल बनवतोय, आणि रस्त्यात भेटेल तो माझं अभिनंदन करतो.

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. थोडी लाथ आणि जास्त लाथ यात काही फरक आहे का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, फरक असेलही, नसेलही, पडद्याला विचारून कोण सांगणार? मग त्यांनी मलाच विचारलं की अशा माणसाला रायफल देतंय कोण. तुझं नाव न सांगता मी फोन ठेवून दिला.

रागाच्या भरात एक लिहून टाकते. तू खांद्याला काय सोसेल ते निवडतोयस. उद्या त्यांना भिंतीला हात लावत लावत ताटावर आणून बसवायची वेळ आली तर ती माझ्यावर येणार आहे, तुझ्या कारखान्यावर नाही.

आता माझा बेत ऐक आणि पोटात ठेव. हल्ली टोळीचा म्होरक्या गोनारिओकाका आहे. कोणाला कुठल्या ठाण्यावर बसवायचं हे तोच ठरवतो, आणि एकदा बसवलं की शिंग वाजेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. मी त्याच्या घरी जाऊन, त्याच्या बायकोच्या देखत, त्याचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. शेवटी त्याने कबूल केलं की बाबांना आटलेल्या झऱ्यापाशी बसवीन. तिथून डुक्कर गेलेलं कुणाच्या आठवणीत नाही. बाबा रायफल मांडीवर घेऊन मानाने बसतील, थोडा गारठा खातील आणि घरी येतील. गोळीच सुटली नाही तर लाथ कुठून बसणार?

हे बरं की वाईट, मला कळत नाही. रात्री कूस बदलत पडते. तू तरी नीट झोप.
बोनारिया


ब्रेशा,
ता. २२ ऑक्टोबर १९७१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रायफल नुओरोच्या दुकानात पोचली असेल. बाबांचा परवाना दाखवून गोनारिओकाकांनी ती सोडवून आणावी. दस्ता अक्रोडाचा आहे, माझ्या हातचा. सुट्टीच्या वेळात बसून घासला. मागचं रबर मी स्वतःच्या खांद्यावर लावून पाहिलं आणि चाचणीच्या मैदानावर इतक्या गोळ्या झाडल्या की मुकादमाने विचारलं, युद्ध लागलंय का.

तुझा बेत वाचून आधी हसू आलं, मग लाज वाटली. ज्या माणसाने साऱ्या डोंगराची ठाणी नेमून दिली, त्याला आपण फसव्या ठाण्यावर बसवतोय. पण तरीही तसंच कर. रायफल टपालात टाकल्यापासून मला चैन नाही. दस्ता तासताना मला वाटायचं की मी त्यांना काहीतरी देतोय. आता वाटतं, त्यांच्या हातातून काहीतरी काढून घ्यायचं हत्यारच मी पाठवलं. काम करताना लक्ष उडतं, काल पटाशी अंगठ्यात घुसली. काळजीचं काही नाही.

त्यांना सांग, दस्ता खांद्यात घट्ट रुतवायचा, गाल मात्र अलगद टेकवायचा. रविवारी रात्री पोस्ट बंद असेल, तर सोमवारी खिडकी उघडताच तार कर. तारेत फक्त ‘दिसतंय’ एवढं लिहिलं तरी चालेल.

तुझ्या शिव्यांचा धनी,
बाखिस


ओरुनेले,
ता. ८ नोव्हेंबर १९७१

चि. बाखिस यास,
या वेळचे आशीर्वाद मनापासून.

तार मिळालीच असेल. आता सविस्तर ऐक आणि पोट धरून हस. काल पहाटे बाबा नवी रायफल खांद्याला लावून असे निघाले की जणू बिशपच चाललाय. गोनारिओकाकाने कबूल केल्याप्रमाणे त्यांना आटलेल्या झऱ्यापाशी बसवलं. मी दिवसभर रोट्या लाटत होते आणि डोंगराकडे कान लावून होते. दर बार ऐकला की लाटणं हातातून सुटे. पण त्या अंगाने एकही बार झाला नाही.

संध्याकाळी मंडळी उतरली. तीन डुकरं पडली होती. चौथं, सगळ्यांत मोठं, कुत्र्यांना चकवून मागे फिरलं आणि नेमकं आटलेल्या झऱ्यावरून गेलं! पावसाने भिजलेल्या मातीत त्याचे खूर बाबांच्या पुढ्यात, आपल्या अंगणाच्या रुंदीइतक्या अंतरावर उमटलेले सगळ्यांनी पाहिले. आणि बाबा? बाबांना डुलकी लागली होती.

टोळीचा नियम तुला आठवत असेल. जो बार न काढता डुक्कर जाऊ देतो, त्याला त्या दिवशी वाटा नाही. इतर जण मांस वाटतात तेव्हा त्याने ओढ्यावर आतडी धुवायची. हा नियम बाबांचाच. एकदा सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी असं धुवायला बसवलं होतं. गोनारिओकाका म्हणत होता, जाऊ द्या, वय झालं. पण बाबांनी कोणाचं ऐकलं नाही, बाह्या सरसावल्या आणि त्या बर्फगार पाण्यात जाऊन बसले. पोरंटोरंसुद्धा त्यांना विचारत होती, आजोबा, उशी आणू का. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी दाराआड उभी राहून हसले आणि मग रडले. झोपले म्हणून वाचले, बाखिस. त्यांचं खरंच वय झालं रे, आणि देवाने ते अगदी वेळेवर केलं.

बाबांनी आज माझ्याकडे कागद मागितला. तुला रायफलीबद्दल दोन शब्द स्वतः लिहायचे आहेत म्हणे. डोळ्याला ताण नको म्हटलं, तर खेकसले.

अंगठ्याला मलम लाव. आता मी झोपणार आहे.
बोनारिया


ओरुनेले, सोमवार

बाखिस,

अक्षरं मोठी काढावी लागतात, म्हणून कागद पुरेल तेवढंच लिहितो. तुझ्या बहिणीला दाखवू नकोस.

मला झोप लागली नव्हती. माझ्या आयुष्यात ठाण्यावर मला झोप लागलेली नाही.

गोनारिओने मला आटलेल्या झऱ्यावर बसवलं तेव्हाच मी ओळखलं की यात बोनारियाचा हात आहे. ते ठाणं मीच शोधून काढलेलं. शहरातले वकील आणि सरकारी पाहुणे आले की मी त्यांना तिथे बसवायचो. रायफल मांडीवर घेऊन बसलो. गोनारिओ बिचारा माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

कुत्री वरच्या अंगाला भुंकली आणि लांब गेली. मग तो आला. म्हातारा नर, एकटा. पळत नव्हता, बाजाराला निघाल्यासारखा चालत होता. माझ्यासमोर थांबला. गेल्या हिवाळ्यात मला डुक्कर म्हणजे नुसता तपकिरी डाग दिसायचा. हा सगळाच्या सगळा दिसला. कुशीवरचा वाळका चिखल, पाठीवरचे राठ केस, एक सुळा मोडलेला, तोंडातून निघणारी वाफ. रायफल कधी खांद्याला लागली ते मला कळलंही नाही. तुझा दस्ता गालाला असा बसला की जणू माझा गाल मापून नेला होतास. नळीच्या टोकाची माशी त्याच्या फऱ्यावर स्थिर होती. बोट चापावर होतं. त्या अंतरावरून मी चुकलो नसतो.

तू म्हणतोस लाथ बसत नाही. मी मानतो. तू दस्ता केलास म्हणजे नसेलच बसत. पण थोडी जरी बसली असती तर ते डुक्कर मी पाहिलेलं शेवटचं काही ठरलं असतं. डुक्कर चांगलं होतं, पण इतकंही चांगलं नव्हतं. तुला मी चार वर्षांत पाहिलेलं नाही. मी बोट काढलं. तो आपल्या वाटेने गेला.

टोळीला झोप लागली म्हणून सांगितलं. भ्यालो म्हणून सांगितलं असतं तरी खोटं ठरलं नसतं, पण तसं सांगायला जीभ वळली नाही. ओढ्याचं पाणी फार गार होतं. मेव्हण्याची काल पहिल्यांदा दया आली.

रायफल उत्तम आहे. रोज पुसतो. पुन्हा हाक्याला नेणार नाही, पण हे कोणाला कळायला नको.

नाताळला रजा काढ. काढून देत नसतील तर न विचारता ये. दाढी ठेवली असशील तर काढून ये, मला सगळं तोंड बघायचं आहे.

आशीर्वाद.
तुझा बाप,
बोरे