सृष्टी घरी येईपर्यंत

६ नोव्हेंबर, बुधवार

संगमनेरला सामान उतरलं. यांची दूध संघातली बदली, म्हणून खर्डा गाव सोडलं. सव्वीस वर्षांचा संसार एका टेम्पोत मावला, याचं मलाच नवल. इथे नळाला रोज पाणी! आनंदाने ओटा दोनदा धुतला. आधी देवघर मांडलं, मग दूध उतू घालवलं. शेजारच्या रतनबाईंनी पिठलं-भाकरी आणून दिली. माझं लोणचं चाखून म्हणाल्या, मीठ लई हात राखून टाकता की. आल्या आल्या ओळखलं मला.

आमची सृष्टी मात्र नव्या घरात नाही. नोकरी सोडून, शुभांगी आणि ओम या कॉलेजातल्या दोघांबरोबर, पाठीवर पिशव्या टाकून दिवाळीआधीच निघाली. व्हिएतनाम झालं, आता लाओस. पंधराला परत. स्वतःला शोधायला जाते म्हणाली. मी विचारलं, तू हरवली होतीस कधी?

१२ नोव्हेंबर, एकादशी

तिने परतीचं तिकीट रद्द केलं. तिथे नदीकाठच्या एका गावात वर्षभर मुलांना शिकवणार. आवाज इतका मोकळा होता की कुणा परक्या मुलीचा वाटला.

राहात्याचे पाहुणे वीस तारखेला तिला बघायला येणार आहेत. हे तिला माहीत नाही. ती आली की सांगणार होते. हे म्हणाले, राहू दे, खूश आहे पोर. ती तिथे खूश आहे याचंच मला वाईट वाटलं. हे इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे बोलणार?

१३ नोव्हेंबर

हे कामावर गेल्यावर देव पाण्यात ठेवले. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा चांदीचा टाक. पितळी पातेलं, देवांच्या वर चार बोटं पाणी, त्यात चिमूटभर कुंकू. सृष्टी घरी येईपर्यंत बाहेर काढणार नाही, असं बोलले. माझी आई अडीनडीला हेच करायची. देव गुदमरले की गाऱ्हाणं लवकर ऐकतात म्हणायची.

पण घर नवं, पत्ता नवा, पोरगी परमुलखात. देवांना कळावं कसं, कुणाला आणायचं? व्हिसासाठी काढलेल्यांतला तिचा एक फोटो उरला होता. तो टाकाखाली सरकवला.

१५ नोव्हेंबर

सृष्टीचा मेसेज. कानात पाणी गेल्यासारखं होतंय, सगळ्यांची बोलणी लांबून ऐकू येतात. मी लिहिलं, नदीत डुंबत असशील. तर म्हणे, दोन दिवस नदीकडे फिरकलेसुद्धा नाही.

मला बरंच वाटलं. कंटाळून येईल.

१७ नोव्हेंबर

शुभांगीचा फोन. सृष्टी भर उन्हात अंगणात बसून धापा टाकते. केस पुसले तरी ओले. डॉक्टरांना छातीत काही सापडलं नाही. डोळा लागला की एकच स्वप्न पडतं: ती तळाशी पडली आहे, वर पिवळी गोल कड, आणि त्या कडेवरून आई वाकून बघते आहे.

मी रोज सकाळी वाकून बघते.

शुभांगीला काही सांगितलं नाही. पाणी भरपूर पी म्हणावं, एवढंच बोलले.

१८ नोव्हेंबर

रतनबाईंना सांगितलं. फोटोचंही. त्यांच्या हातातली बशी कलली, चहा लुगड्यावर सांडला.

"द्येव बुडत न्हाईत, ताई. म्हनून त्यांना ठेवत्यात पान्यात. जित्या मानसाला न्हाई ठेवत."

मी म्हटलं, देवांपुढे शब्द दिलाय. मोडला आणि ती आलीच नाही तर?

"ती यायला पायजे का जगायला, ते ठरवा आदी."

घरी येऊन पातेल्यापुढे बसले. हात पाण्यापर्यंत नेला. परवा पाहुणे येणार. तोपर्यंत, नुसते दोन दिवस — असं मनात आलं. माझ्याच मनात आलं, देवा.

फोटो काढला नाही.

१९ नोव्हेंबर, सकाळ

ओमचा फोन. सृष्टी उठत नाही. ओठ निळे. तोंडातून पाणी येतंय, सारखं. त्यात लाल काहीतरी आहे, रक्त नाही म्हणतो, कुंकवासारखं —

फोटो काढते. शब्द मोडला तर मोडला.

दुपार

चार बोटं पाणी होतं. हात घातला, कोपर बुडालं. तळ नाही. देव लागत नाहीत. टाक नाही. फोटो नाही —

मग केस लागले. मग हात.

तिचाच. कुरतडलेली नखं. किती रागावले असेन त्यावरून.

धरलाय. डाव्या हाताने लिहिते आहे, वही तेवढी जवळ होती. कुणाला तरी कळू दे हे मी केलं. फोन ओट्यावर वाजतोय, पोचत नाही.

ओढते. वर येत नाही. जड —

जड नाही. ती माझी बोटं सोडवते आहे. एकेक.

तिला इकडे यायचं नाही. तिची वरची बाजू तिकडे आहे. मी धरलंय म्हणून ती खाली —

करंगळी सुटली.

कळतंय मला. सोडते. सोडतेच आहे, बाळा. फक्त एकदा घट्ट —