दोन ठोक्यांची जागा

मी, खाली सही करणारी, व्यवसायाने पडदे शिवणारी, राहणार तिसऱ्या मजल्यावरचं डाव्या हाताचं घर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दिला आहे. माझ्या थोरल्याला शंका असेल तर त्याने त्यांना विचारावं. हृदय मात्र थकलं आहे, हेही त्याच डॉक्टरांनी सांगितलं. माझ्यावर कुणी दडपण आणलेलं नाही, कुणी गोड बोलून माझ्याकडून काही लिहून घेतलेलं नाही. माझ्याशी गोड बोलणारं माणूस जाऊन चार वर्षं झाली.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. वकीलसाहेबांनी मसुदा करून दिला होता, तो एका पानात संपत होता. मी त्यात माझ्या हाताने भर घातली. ते म्हणाले, हे मृत्युपत्र आहे, आत्मचरित्र नाही. मी त्यांना सांगितलं की पडदा अगदी मापात कापला तर पहिल्या धुण्यात आखूड होतो, म्हणून थोडं कापड आत दुमडून ठेवावं लागतं. त्यांनी चष्मा पुसला आणि मला लिहू दिलं.

१. माझं पडद्यांचं दुकान, त्यातलं कापायचं मोठं टेबल, दोन्ही शिलाई मशिनं आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते सगळं माझ्या थोरल्या मुलाला द्यावं. दुकान त्याने चालवावं, भाड्याने द्यावं किंवा विकावं, माझी काही हरकत नाही. त्याला शिवणातलं ओ की ठो कळत नाही, पण व्यवहार चोख आहे. घरावर त्याचा हक्क राहणार नाही. का, ते पुढे येईल. त्याने वाचता वाचता तोंड वाकडं करू नये, पूर्ण वाचावं.

२. माझे यजमान सामान हलवायचं काम करत. लोक घरं बदलत आणि हे त्यांची कपाटं, पलंग, आरसे खांद्यावर पट्टे टाकून जिन्यांवरून चढवत-उतरवत. ते पट्टे अजून खुंटीला आहेत. ते त्यांच्या जोडीदाराला, ज्याला सगळे पैलवान म्हणतात, त्याला द्यावेत. पैलवानाने आता काही उचलू नये, त्याची कंबर गेली आहे. नुसते जवळ ठेवावेत.

या पट्ट्यांनीच आमच्या घरात पियानो आला. एका हॉटेलाच्या दिवाणखान्याचे पडदे मी शिवले होते. माप घेताना तिथल्या पियानोची एक पट्टी मी बोटाने दाबून बघितली आणि संध्याकाळी भाजी चिरता चिरता यांना सांगितलं की तो आवाज मला दिवसभर ऐकू येत होता. बस, एवढंच. पुढे काही वर्षांनी ते हॉटेल बंद झालं, सामान हलवायचं काम यांच्याकडे आलं आणि मालक म्हणाला, हे धूड कुठे टाकायचं तिथे टाका. यांनी ते आमच्या घरी आणून टाकलं. भाजी चिरताना बोललेलं मी विसरले होते, हे विसरले नव्हते.

तीन मजले चढवताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पैलवानाचा हात सुटला आणि पियानोचा एक कोपरा उडाला. त्याबद्दल मी त्याला आजवर सुनावत आले. या कलमान्वये त्याला माफ केलं आहे. यांना मात्र नाही. यांनी बाहेरच्या दाराचं माप घेतलं होतं, आतल्या खोलीच्या दाराचं घेतलंच नव्हतं. जगाच्या घरांची मापं तोंडपाठ असलेला माणूस स्वतःच्या घरात फसला. पियानो स्वयंपाकघरात राहिला तो राहिलाच, ओट्याच्या समोर, शेजारच्या घराला लागून असलेल्या भिंतीशी. भांडी वाफाळली की त्याच्या पट्ट्या फुगून अडकत आणि मी अस्तराच्या कापडाची चिंधी त्यांच्या फटींतून ओढून त्या मोकळ्या करी.

३. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडक्लार्कांना माझ्या कपाटातला कापसाचा मोठा गठ्ठा द्यावा. त्यांनी एकदा साऱ्या इमारतीची सभा बोलावून माझं वाजवणं म्हणजे भांडी घासल्याचा आवाज आहे असं सांगितलं होतं. कापूस चांगल्या प्रतीचा आहे. कानात घालावा किंवा उशीत भरावा.

४. आता शेजारच्या पियानोच्या बाई. त्यांना काय द्यायचं हा या मृत्युपत्रातला सगळ्यात अवघड प्रश्न होता.

भिंतीपलीकडे त्या मुलांना पियानो शिकवत. आमचा पियानो आला त्याच आठवड्यात मी हौसेने त्यांच्याकडे गेले आणि मला शिकवाल का म्हणून विचारलं. त्यांनी माझे हात उलटसुलट करून बघितले. कात्रीने अंगठ्याला घट्टा पडलेला, बोटांना सुयांच्या खुणा. म्हणाल्या, "या वयात बोटं वळत नाहीत हो. उगीच तुमचा वेळ जाईल."

मी घरी आले आणि यांना सांगितलं की त्या बाईकडून मी एक अक्षर शिकणार नाही. मग पुढची सगळी वर्षं त्यांच्याच भिंतीला कान लावून शिकले. संध्याकाळी त्यांच्याकडे मुलं यायची. मी ओट्याशी उभी राहून ऐकायचे आणि वर्ग सुटला की बसून एकेक सूर शोधायचे. ऐकलेला सूर हाताला लागेपर्यंत तोंडात धरून ठेवावा लागे, म्हणून तेवढा वेळ मी कुणाशी बोलत नसे. पोरांना वाटे, आई रागावली. हे त्यांना समजावत, "आईच्या तोंडात सूर आहे. बोलली तर सांडेल."

अशी मी मोडकीतोडकी बरीच गाणी जमवली, पण पुरतं आलं ते एकच. ते बाई प्रत्येक नव्या मुलाला पहिलं शिकवत, त्यामुळे माझ्या कानावर सारखं पडे. त्या गाण्याच्या मध्यावर सूर थांबत, लाकडावर दोन ठोके पडत, टक टक, आणि गाणं पुढे जाई. प्रत्येक मुलाचं, रोज, त्याच जागी. मला वाटलं, गाणंच तसं आहे. बँडमध्ये नाही का कुणीतरी मध्येच थाळी वाजवत. पण त्या जागी माझे दोन्ही हात गुंतलेले असत. ठोके द्यायला तिसरा हात आणायचा कुठून? तो यांनी दिला. जेवणाच्या टेबलाशी बसलेले असत, तिथून चमच्याने टक टक. यांना सुराचा गंध नव्हता, टाळी वाजवली तरी चुकत. पण ते दोन ठोके कधी चुकले नाहीत. वरून तोरा असा की, "माझ्याशिवाय तुझं गाणं पुढे सरकत नाही."

ते खरंच होतं.

शेवटच्या आजारात हे आतल्या खोलीत आणि मी स्वयंपाकघरात. पियानो आत नेता येत नव्हता, ते माप चुकल्याची शिक्षा दोघांनी भोगली. ते पलंगाच्या कडेवर अंगठीने ठोके देत. एका दुपारी मी त्या जागी थांबले आणि आतून एकच ठोका आला. मी दुसऱ्याची वाट बघत बसून राहिले, बोटं तशीच वर धरून. मग उठून आत गेले. लगेच उठले असते तर त्यांचा हात हातात घ्यायला मिळाला असता.

मला त्यांची आठवण येते असं मृत्युपत्रात लिहायची पद्धत नसेल. येते. रोज येते, आणि त्या जागी सगळ्यात जास्त येते. त्यानंतर मी ते गाणं सोडलं नाही, पण ठोके कधी दिले नाहीत. त्या जागी यायचं, थांबायचं, ते दोन ठोके मनात जाऊ द्यायचे आणि पुढे वाजवायचं, असं चालू होतं. हे टेबलाशी नाहीत हे मला तेवढ्यापुरतं दर वेळी नव्याने कळायचं.

मधल्या काळात पलीकडचे वर्ग बंद पडले. बाईंचे हात कापायला लागले आणि त्यांच्या भाच्याने त्यांचा पियानो विकून टाकला. भिंत मुकी झाली. खरं सांगते, मला चुकल्यासारखं झालं, पण विचारपूस करायला गेले नाही. अढी जुनी होती.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी मी नेहमीप्रमाणे त्या जागी थांबले आणि भिंतीतून दोन ठोके आले.

मला पुढे वाजवता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम बसले. त्या जागी थांबले. पुन्हा टक टक. तेव्हा मी पदराला हात पुसले आणि शेजारची बेल वाजवली. इतक्या वर्षांनी दार उघडलं तरी बाई दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "या. पण गाणं अर्धंच ठेवून आलात."

मी विचारलं, "त्या जागी ठोके असतात हे अजून लक्षात आहे तुमच्या?"

बाई हसल्या. "त्या गाण्यात ठोके नाहीतच. तिथे डावा हात लांब उडी घेतो. मुलांना तो उचलायला अवधी मिळावा म्हणून मी पेन्सिल आपटायचे. जमलं की मी पुढचं गाणं द्यायचे, म्हणून तुम्ही ते सरळ कधी ऐकलंच नाही."

जन्मभर ज्याला गाणं समजले ती बाईंची पेन्सिल होती. यांनी एवढ्या निष्ठेने वाजवली ती पेन्सिलच.

मी म्हटलं, "मग तुम्ही आता का वाजवलेत?"

त्या म्हणाल्या, "सुरुवातीला राग यायचा. वाटायचं, ही बाई माझी चेष्टा करतेय. मग सवय झाली. तुमचे यजमान गेल्यापासून ती जागा रिकामी जाते. तुम्ही थांबता ना, तेव्हा इकडे माझाही श्वास अडकतो. काल राहवलं नाही."

त्या दिवशी त्यांनी मला सरळ गाणं कसं जातं ते तोंडाने गुणगुणून दाखवलं. छान आहे. झुळझुळ पुढे जातं, कुठे थांबत नाही. मी घरी येऊन एकदा तसं वाजवून बघितलं आणि पुन्हा कधी वाजवलं नाही. तेव्हापासून रोज दुपारी मी वाजवते, थांबते, आणि त्या ठोके देतात. त्यांच्याकडे आता पियानो नाही, माझ्याकडे हे नाहीत, आणि दोघींचं मिळून ते एक चुकीचं गाणं आहे.

५. माझं राहतं घर आणि त्यातला पियानो माझ्या धाकट्या मुलीला द्यावा. ती भाड्याच्या खोलीत एकटी राहते आणि मला बरं वाटावं म्हणून तिथे प्रशस्त असल्याचं सांगते. थोरल्याचं म्हणणं, पियानो जागा अडवतो, काढून टाक. त्याने एका जुन्या सामानवाल्याला आणूनही दाखवलं, तो लाकडाचा भाव सांगून गेला. म्हणून घर थोरल्याला दिलेलं नाही. यात राग नाही. ज्याला जे ओझं वाटतं ते त्याच्या गळ्यात घालू नये, एवढंच.

धाकटीसाठी अट एकच आहे. शेजारच्या बाई हयात आहेत तोवर पियानो त्या भिंतीपासून हलवायचा नाही. धाकटीला ते एकच गाणं येतं, तेही एका हाताने. चालेल. उरलेला हात बाईंकडून तोंडी शिकून घ्यावा. त्या आता कुणाचे हात उलटसुलट करून बघत नाहीत.

बाळा, रोज दुपारी वाजव. कामाच्या पाळीमुळे दुपार जमली नाही तर संध्याकाळी. त्या जागी थांब. दोन ठोके आले की पुढे जा. एकच आला, किंवा आला नाही, तर वाट बघत बसू नकोस. गाणं तिथेच सोड, ऊठ आणि शेजारी जा. बाईंच्या घराची किल्ली आपल्या दाराच्या मागच्या खिळ्याला आहे.

६. बाईंना काही तरी ठेवावं अशी माझी फार इच्छा होती. वकीलसाहेबांनी सांगितलं की जिला काही मिळणार तिने साक्षीदार म्हणून सही करू नये, तिचं देणं रद्द होतं. तेव्हा एक काय ते ठरवा. मी हे बाईंना जाऊन सांगितलं आणि कापडाचा, भांड्यांचा, खुर्चीचा पर्याय ठेवला. बाई म्हणाल्या, "मला काही नको. मी साक्षीदार होते. तुमचं सगळं मीच तर ऐकलंय."

म्हणून या मृत्युपत्रान्वये त्यांना काहीही दिलेलं नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः मोठ्याने वाचला आणि तो मला मान्य आहे. काही ठिकाणी शाई पसरली आहे, तिथे मजकूर बदललेला नाही.

स्थळ: माझं स्वयंपाकघर, पियानोचं झाकण
दिनांक: ९ फेब्रुवारी, दुपार

सही: पडदे शिवणारी

साक्षीदार पहिला: कोपऱ्यावरचे डॉक्टर. पडदे शिवणाऱ्या बाईंनी माझ्यासमक्ष सही केली. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. सही करण्याआधी त्यांनी मला एक गाणं ऐकायला बसवलं, म्हणून दवाखाना उघडायला उशीर झाला.

साक्षीदार दुसरी: शेजारची, निवृत्त पियानो शिक्षिका. पडदे शिवणाऱ्या बाईंनी माझ्यासमक्ष सही केली. माझा हात कापतो त्यामुळे अक्षर वेडंवाकडं आहे, पण सही माझीच आहे. या मृत्युपत्रातून मला काही मिळत नाही, असं वकिलांनी मला दोनदा वाचून दाखवलं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही.