दोन दारांची गाडी

९ फेब्रुवारी, रविवार

अविनाशने शेवटी मला शोरूमला नेलंच. (नवऱ्याचं पूर्ण नाव लिहायचा कंटाळा, इथून पुढे अ.) महिनाभर मोबाइलवर फोटो दाखवून डोकं खाल्लं होतं. विजेवरची छोटी गाडी, दोन दारांची, 'प्रीमियम'. दिसायला गोड आहे, खोटं कशाला बोलू. गोल दिवे, चपटं नाक, सायीसारखा रंग, वर काचेचं छत. पण मी दिवसभर लोकांची स्वयंपाकघरं आखते. कुठलीही वस्तू पाहिली की आधी बघते, उघडायची कशी, हात कुठे पोचतो. दारांच्या मुठी पत्र्यात बुडवलेल्या. आत एक बटण नाही. एसी वाढवायचा तर स्क्रीनवर तीन ठिकाणी बोट लावा. म्हटलं, फोडणी करपतेय आणि गॅस बारीक करायला आधी मेनू उघडायचा, तसं झालं हे. सेल्समन हसला. अ. नाही हसला.

"तुला सगळ्यात खोटच दिसते, शुभा."

दिसते. त्याचाच मला पगार मिळतो.

११ फेब्रु.

जुनी गाडी चांगली चालतेय. तरी विकायचीच म्हणतो. का, तर पेट्रोल. मग म्हणे धूर. मग म्हणे ब्रेकचा आवाज. ब्रेक मागच्याच महिन्यात नीट करून आणलेत.

१५ फेब्रु.

आज आईंना (सासूबाईंना) घेऊन गेलो, चालवून बघायला. मागे बसायचं तर पुढची सीट पाडून तिच्या फटीतून आत शिरायचं. आई शिरल्या. रिंग रोडला एक चक्कर झाली, गाडी अगदी गुळगुळीत, आवाज म्हणून नाही. परत आलो तर आईंना बाहेर येता येईना.

"अय्यो, मी काय सामान हाय का रे, मागं कोंबायला?"

"स्वल्प वाक, आई. येशील बाहेर."

"वाकाय आलं असतं तर गाडी कशाला पायजे होती? सुम्ने, आपली उगी चालत गेले असते!"

एका हाताला मी, दुसऱ्या हाताला सेल्समन. आई बाहेर आल्या, चप्पल आत राहिली. हसून हसून पोट दुखलं. अ. सुद्धा हसला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. असा हसलेला मी किती दिवसांनी पाहिला.

रात्री जेवताना म्हणाला, "मागं बसतंय कोण? आई बसली तर वर्षातनं चारदा. आपण दोघंच की. अष्टे, एवढंच."

दोघंच. मी ताटातला भात तसाच ठेवून उठले.

१९ फेब्रु.

लिहून टाकते एकदा. दोन वर्षांपूर्वी आमची मुलगी गेली. आठव्या महिन्यात. रडलीच नाही ती. नाव ठेवायचं राहून गेलं. आता पुन्हा नाही, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. मग दोघांनी मिळून ठरवलं, दत्तक घेऊ. दत्तक संस्थेतल्या बाई म्हणाल्या, तान्ह्या बाळासाठी फार थांबावं लागेल. थोडं मोठं मूल चालेल का? मला त्याच क्षणी चाललं असतं. अ. म्हणाला, विचार करून सांगतो.

तो विचार अजून चालूच आहे. त्यावर आता ही दोन दारांची गाडी. माणूस तोंडाने 'नाही' म्हणत नाही, शोरूमला घेऊन जातो.

२ मार्च

आज पुन्हा गाडीवरून. मी म्हटलं, आपल्या पार्किंगमध्ये एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची जीप. दोन दारांच्या गाडीचं दार हे एवढं लांब असतं, उघडणार कसं? तो म्हणाला, तू आधी उतरत जा. काचेचं छत? एप्रिलात डोक्याचा पापड होईल. फिल्म लावू. गाडी बुटकी, आपल्या गल्लीतले गतिरोधक बघितलेस? सावकाश जाऊ. डिकीत एक बॅग कशीबशी. मागच्या खिडक्या उघडत नाहीत. मागची काच तर पोस्टाच्या पेटीच्या तोंडाएवढी, त्यातून दिसणार काय कप्पाळ!

यावर काही बोलला नाही. बाकी सगळ्याला उत्तर होतं.

आई मध्येच म्हणाल्या, "गाडीवरनं एवढं भांडतात व्हय कोण?"

८ मार्च

सरगूरला मामांकडे गेलो होतो, जुन्या गाडीने. (विजेच्या गाडीने जाऊन येऊन होईल का, यावर जाताना वाद. वाटेत चार्जिंग कुठे, दाखव, म्हटलं. दाखवता आलं नाही.) मामांनी नाचणी, नारळ, केळ्यांचा घड, काय काय दिलं. अ. ने सगळं मागच्या सीटवर रचलं. डिकी रिकामी. नेहमी असंच करतो. लॅपटॉपची बॅग, छत्री, पाण्याचे रिकामे कॅन, काही ना काही त्या सीटवर पडलेलं असतंच. मला वाटायचं, आळस.

एच. डी. कोटेच्या अलीकडे वळणावर नारळ गडगडले. मी वैतागले. "डिकी काय पूजेला ठेवलीय का?"

त्याने गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवरचे हात तसेच.

"ती सीट रिकामी बघवत नाही गं मला. तुला हॉस्पिटलमधनं आणलं तवा तू मागं आडवी होतीस. तुझ्या शेजारी तिच्या कपड्यांची पिशवी, घडीसुद्धा न मोडलेली. मी आरशातनं बघत बघत गाडी चालवली. अजून रोज दिसतं. त्या छोट्या गाडीत मागचं काय दिसतच नाही, शुभा. बरं वाटलं मला तीत बसून."

ज्या काचेला मी नावं ठेवली, तीच त्याला हवी होती.

दोन वर्षं मी समजत होते, हा विसरला. ऑफिसला जातो, मॅच बघतो, विसरला. मनातल्या मनात किती शिव्या दिल्या याला. मी रडले, तोही रडला, लॉऱ्या हॉर्न देत बाजूने जात राहिल्या.

९ मार्च

बोलणं नाही. भांडणही नाही. आई: "काय झालं गं? गाडी बेडा, नको म्हणला काय?" म्हटलं, माहीत नाही.

१४ मार्च

आज मीच विषय काढला. म्हटलं, तुला ती सीट दिसायला नको. मला ती भरलेली बघायचीय. दुसरं काही नाही.

तो दोरीवरचे कपडे काढत होता. मग म्हणाला, "आणि परत रिकामी झाली तर?"

स्वयंपाकघराचं असतं तर मला काहीतरी सुचलं असतं.

२३ मार्च

हरले. सकाळी चहा देताना सांगून टाकलं, घे तीच गाडी. कुणाच्या पाया पडून त्याला बाप करता येत नाही. तो 'बरं' म्हणाला. आनंद झालेला दिसला नाही. निदान तेवढा तरी व्हायचा होता, मी एवढं सोडलं तर.

एका बाईंना ओट्याची उंची चुकीची सांगितली. राग त्याच्यावर येतो आणि माया पण त्याच्यावरच येते, ह्याला काय करायचं कळत नाही.

२९ मार्च, शनिवार

उद्या युगादी, आपला पाडवा. सेल्समनचे फोनवर फोन, आज बुकिंग करा, सणाचा मुहूर्त साधा. गेलो. दोन दारांची दर्शनी भागात, झेंडूची माळ घालून. तिच्या पलीकडे त्याच कंपनीची चार दारांची उभी होती. थोडी मोठी, रंग शेवाळी, नाक बसकं. तिच्यावर कुणी फूलही घातलं नव्हतं.

सेल्समन कागद आणायला गेला. अ. त्या शेवाळी गाडीकडे गेला. मागचं दार उघडलं. आत बसला. पुढे नाही, मागे.

मी जागची हलले नाही.

सेल्समन धावत आला, पढवलेलं सगळं सांगायला लागला. बॅटरी, चार्जिंग, मग वाकून सीटच्या फटीतले दोन हूक दाखवत कानडीत म्हणाला, "सर, चाइल्ड सीट इल्लि फिक्स आगत्ते." लहान मुलाची सीट इथे बसते, म्हणे. वाटलं, आता हा उठणार आणि थेट पार्किंगमध्ये जाऊन उभा राहणार.

अ. ने खाली बघतच विचारलं, "नाल्कैदु वर्षद मगुगे आगत्ता?"

चार-पाच वर्षांच्या मुलाला चालेल का, म्हणून.

चालेल, चालेल, सेल्समन म्हणाला, आणि पुढे काय काय सांगत राहिला. मी काही ऐकलं नाही. दुसऱ्या बाजूचं दार उघडून आत बसले. आमच्या दोघांच्या मध्ये एक जागा मोकळी. अ. ने तिच्यावर काही ठेवलं नाही. मीही नाही.

काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "दिसायला अगदीच बेकार आहे ही."

"हो," म्हणाला. "फार बेकार."

हे 'हो' नुसतं गाडीला की मुलालाही, मी विचारलं नाही. सेल्समन दाराशी पेन घेऊन उभा होता, कुठल्या गाडीचा फॉर्म भरू म्हणून. आम्ही दोघं मागेच बसून होतो.