मनातले आकडे

प्रिय धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. एक दिवसाआड फोनवर बोलणाऱ्या बहिणीने पानंच्या पानं का भरावीत, असं तुला वाटेल. पण फोनवर मी जरा मुद्द्यावर आले, की तू "बरं बरं, ताई" म्हणून भाऊजींच्या गुडघ्याची चौकशी सुरू करतोस, आणि मीही बावळट, त्या गुडघ्यातच अडकून पडते. पत्राला मध्येच तोडता येत नाही. शिवाय मला एक कबुली द्यायची आहे. तुझा आवाज कानावर आला तर ती माझ्या तोंडून निघायची नाही.

आधी बातम्या. भाऊजींनी निवृत्तीनंतर सुतारकाम मनावर घेतलंय. पहिलं कपाट तयार झालं आणि खोलीच्या दारातून बाहेर निघेना. दाराचं माप घ्यायचं राहून गेलं होतं. आयुष्यभर शाळेत नकाशे शिकवलेला माणूस! मी हसले, तर म्हणाले, "ते तिथेच हवं होतं मला." तर आता खिळे ठेवायचं ते कपाट आमच्या झोपायच्या खोलीत आहे. दुकानात मालकांनी माझ्या टेबलाशी पाठ टेकायची खुर्ची ठेवलीय. बावीस वर्षं स्टुलावर बसून मी लोकांच्या चष्म्याच्या काचा घासल्या, फ्रेममध्ये बसवल्या, आता कुठे टेकायला मिळालंय. खुर्ची का आली, तेही सांगते.

गेल्या वर्षी माझं बीपी वाढलेलं निघालं, तेव्हा सगळ्यात जास्त धावपळ तू केलीस. दोन दिवसांची रजा टाकून आलास, मशीन आणलंस, माझ्या फोनवर ते ॲप घातलंस. सकाळ-संध्याकाळ मोजायचं, आकडे टाकायचे, दर आठवड्याला दवाखान्यातली नर्स ते बघणार, आणि तुझ्याही फोनवर ते लगेच दिसणार. तू मला तीन-तीनदा शिकवलंस, जसं मी तुला लहानपणी बुटाची नाडी बांधायला शिकवलं होतं. जाताना जिन्यावरून ओरडून म्हणालास, "ताई, आता लपवाछपवी बंद!"

पहिले तीन दिवस मी खरे आकडे टाकले. एकशे अडुसष्ट, एकशे बहात्तर, एकशे सत्तर. दर वेळी दहा मिनिटांत तुझा फोन. तिसऱ्या दिवशी तू डेपोतून बोलत होतास, मागे बसचं इंजिन सुरू होतं, आणि तुझा आवाज बाबा गेले त्या सकाळसारखा झाला होता. तुला आठवतं ना? दाढी करता करता ते आरशासमोरच खाली बसले. एकसष्ट वय. "मला काय धाड भरलीय" एवढंच त्यांनी आयुष्यभर आपल्या तब्येतीबद्दल सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, बीपी कित्येक वर्षांपासून असणार, कुणी मोजलंच नाही. तू तेव्हा कॉलेजात होतास, आणि दिवसभर मला एकच विचारत होतास, "आपल्याला कसं कळलं नाही?" तो आवाज मला पुन्हा ऐकायचा नव्हता. चौथ्या दिवशी मशीनवर एकशे शहात्तर आला. मी एकशे अडतीस टाकला.

लगेच तुझा मेसेज आला, "शाब्बास, ताई!" झालं. त्या शाब्बासकीने घात केला माझा. दुसऱ्या दिवशी एकशे चौतीस, मग एकशे तीस. महिन्याभरात दंडाला पट्टा बांधणंही बंद झालं. एका हाताने चहा ढवळायचा, दुसऱ्या हाताने एकशे तीस-ऐंशी टाकायचे. दुकानात दोन बुबुळांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरने चुकलं तरी मी काच परत करते, आणि स्वतःच्या बाबतीत हा कारभार! तू ते आकडे डेपोतल्या सगळ्यांना दाखवलेस. "माझ्या ताईकडून शिका," म्हणालास. हे तू मला सांगत होतास तेव्हा मी फोन गालापासून लांब धरला होता, इतका गाल तापला होता.

पुढचं तुला मी कधी सांगितलंच नाही. एवढे सुंदर आकडे बघून डॉक्टरांनी बीपीची गोळी निम्मी केली. का नाही करणार? त्यानंतर बाराव्या दिवशी दुकानात एका मुलीच्या चष्म्याचा स्क्रू बसवत होते. स्क्रू एक, पण मला दोन दिसायला लागले. डोकं मागून कुणी आवळल्यासारखं झालं. ती मुलगी म्हणाली, "काकू, स्क्रू खाली पडला." मालकांनी कामाचा पसारा तसाच टाकला, मला गाडीत बसवलं आणि दवाखान्यात नेलं. वरचा आकडा एकशे ब्याण्णव, खालचा एकशे दहा. मालकांनी फोन केल्यावर भाऊजी आले, घाईत दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून. दुकानातली ती खुर्ची आली ती यानंतरच.

डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं, दुपारभर झोपवून ठेवलं. आकडा उतरल्यावर नर्स माझ्या शेजारी येऊन बसली. तिने फोनवर माझा तक्ता उघडला आणि माझ्यापुढे धरला. तीन महिने, सगळे आकडे एका ओळीत उभे, शाळेतल्या मुलांसारखे.

"हे कुणाचे आहेत?" तिने विचारलं.

"माझेच."

"तुमचे, की तुमच्या मनातले?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "खरं बीपी सारखं इकडेतिकडे होत असतं. रोज असा शेवटी शून्य असलेला आकडा येत नाही. मला महिन्याभरापूर्वीच शंका आली होती. मी फोन करायला हवा होता, चूक माझीही आहे." तिने स्वतःकडे अशी चूक घेतली आणि मला रडू फुटलं. भाऊजी दारात उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं. घरी आल्यावर म्हणाले, "मला घाबरून लपवलंस?" मी म्हटलं, "नाही हो, धाकट्याला घाबरून." तेव्हा कुठे हसले.

त्यानंतर मी हे नीट शिकले. मोजायच्या आधी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, आणि जे येईल ते टाकायचं. आकडा वाईट आला म्हणून पुन्हा पुन्हा मोजत बसायचं नाही. गोळीची वेळ झाली की फोन वाजतो, आणि घेतली असं कळवेपर्यंत माझी पाठ सोडत नाही. नर्स मेसेज करते, डॉक्टर लागेल तशी गोळी बदलतात. तीन वेळा बदलली. जेवणाच्या टेबलावरची मिठाची बाटली भाऊजींनी त्या खिळ्यांच्या कपाटात कुलूप लावून ठेवलीय. दुकानात मी चालत जाते, येताना नदीकडच्या रस्त्याने.

आता माझे आकडे एकशे एकतीस, एकशे सदतीस, एकशे अठ्ठावीस असे वेडेवाकडे येतात. परवा मालकांशी वाद झाला तेव्हा एकशे सेहेचाळीस होता, तोही तसाच टाकला. तुझ्या फोनवर ते दिसत असतील, आणि पूर्वीपेक्षा ताईचं जरा बिघडलंय असंही तुला वाटलं असेल. बिघडलेलं नाही, सुधारलंय. गेले चार महिने सकाळी डोकं हलकं असतं. बारीक स्क्रू पहिल्या झटक्यात बसतो. संध्याकाळी भाऊजी रंधा मारत असतात, मी शेजारी बसून त्यांच्या चुका काढते. मी खरंच मजेत आहे. एवढी मजेत मी बऱ्याच वर्षांत नव्हते.

मग आज हे सगळं का लिहिलं? दोन महिन्यांपूर्वी कंपनीच्या ड्रायव्हरांच्या तपासणीत तुझं बीपी वाढलेलं निघालं, हे तू हसत हसत सांगितलंस. आणि गेल्या आठवड्यात तुझा तक्ता मला पाठवलास, "बघ, ताई, तुझाच भाऊ!" असं खाली लिहून. मी चष्मा पुसून तो दोनदा बघितला. एकशे वीस, एकशे वीस, एकशे पंचवीस, एकशे वीस. धाकट्या, अख्ख्या जगात हे अक्षर ओळखणारी एकच बाई असेल, आणि ती तुझी बहीण निघाली. खरा आकडा दिसला तर स्टिअरिंग हातातून काढून घेतील ही भीती मला कळते, पण तुझ्या पाठीमागे चाळीस माणसं डोळे मिटून बसलेली असतात. मी नर्सला विचारलं. ती म्हणाली, औषध लागू पडलं की बरेच जण पुन्हा कामावर जातात. तुझं काय ते तुझे डॉक्टर सांगतील, पण त्यांच्यापुढे खरे आकडे तरी असू देत. तू सध्या रजेवर आहेस, ती सोमवारी संपते, म्हणून हे पत्र कुरिअरने पाठवतेय आणि शनिवारी दुपारच्या गाडीने मी येतेय. मी ओरडणार नाही, मला तो अधिकारच राहिलेला नाही. रविवारी दोन्ही वेळा आपण शेजारी बसून मोजू, आकडा काहीही येवो. सोमवारी सकाळी मी तुझ्याबरोबर तुझ्या डॉक्टरांकडे येईन. तोवर बस काढू नकोस रे, एवढं ऐक माझं.

चार महिन्यांपासून खरं बोलणारी,
तुझीच ताई