गिरणीच्या आवारातली शिकवणी

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय ताईस,

सप्रेम नमस्कार. आम्ही तिघं आहोत तसे आहोत. तुझा गुडघा बरा असेल असं धरून चालतो. फोन केला तर तू ठेवून देशील, म्हणून लिहितोय. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलला नवी गाडी आली. परवा शिकायला आलेल्या एका काकूंनी भाजीची हातगाडी वाचवली आणि दिव्याचा खांब वाकवला. वर मलाच म्हणाल्या, "खांब मध्येच आला." तुझ्या भावजयीला छापखान्याच्या बाइंडिंगखात्यात सकाळपाळी मिळाली. भिंगरीला सोळा पूर्ण झाले. आठवड्यातून दोन-तीन दिवस शाळेत जाते.

सहलीहून ती तापाने फणफणून परतली तेव्हा तू विचारलंस, "आईबाप आहात की वैरी?" तीस वर्षं नर्सची नोकरी केलेल्या बाईने दुसरं काय म्हणावं? पण एक तुला माहीत नाही. सहलीचा कागद तिने आमच्यापासून लपवला होता, आम्हाला नाही म्हणायची वेळ येऊ नये म्हणून. तो तिच्या आईला सापडला आणि तिने त्यावर सही करून दप्तरात ठेवून दिला.

गेला महिनाभर मी तिला गाडी शिकवतोय. लायसन्सचं वय नाही, म्हणून बंद गिरणीच्या आवारात, रविवारी सकाळी. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशीही ब्रेक असतो. पहिल्या दिवशी तिने जरा वेग घेतला की मी तो दाबायचो.

"बाबा, तुझा पाय!"

"सवय आहे गं."

"मग मांडी घालून बस."

बसलो. शिकवायला लागल्यापासून बावीस वर्षांत पहिल्यांदाच. तिने सात चकरा मारल्या. आठवीला धाप लागली, तेव्हा गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मग डोकं मागे टेकलं. क्रम चुकला नाही.

ताई, नवी इंजेक्शनं चालू आहेत असं मी भावोजींना सांगितलं होतं. ती नोव्हेंबरातच थांबवली. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता आजार हटणार नाही. फार तर काही आठवडे वाढतील, तेही खाटेवर. भिंगरी समोरच बसली होती. "मग नकोत," म्हणाली. तिची आई म्हणाली, "चार दिवस विचार कर. मग तू म्हणशील तसं." चार दिवसांनी तेच उत्तर आलं. इंजेक्शनं थांबवायच्या कागदावर सही माझी आहे. दुखणं कमी करणारं औषध मात्र वेळच्या वेळी देतो.

तुला सांगितलं असतं तर तू तडक आली असतीस, सही मागे घे म्हणाली असतीस. आणि मी घेतली असती. म्हणून खोटं बोललो.

काल तिने विचारलं, "आत्या माझ्यावर रागावलीय?"

"तुझ्यावर नाही, माझ्यावर."

"मग भांडण तुझ्याशी चालू ठेव म्हणावं, पण इकडे येऊन."

मी स्टँडवर घ्यायला येईन. मला सुनावायचं ते सगळं वाटेत सुनावून घे, मी ऐकून घेईन. थर्मामीटर आणू नकोस, घरात तीन आहेत. दाराच्या आत आलीस की फक्त तिची आत्या हो.

डॉक्टरबाई उन्हाळ्याबद्दल काही बोलत नाहीत. आम्हीही विचारत नाही.

त्याच्या आधी ये.

तुझा धाकटा